परिषदेहून काय आणले?

व्यावसायिकांच्या घरांत एखाद्या खुंटीवर किंवा कपाटाच्या माथ्यावर परिषदांत मिळालेल्या पिशव्यांचा संग्रह हमखास आढळतो. आत एक पेन, कोऱ्या पानांची वही, प्रायोजकांची माहितीपत्रके आणि निबंधांची जाड पुस्तिका असते. त्या पुस्तिकेच्या पहिल्या चार पानांपलीकडे सहसा कोणाचे बोट गेलेले नसते. परिषदेहून परतलेल्यास घरी विचारतात, जेवण कसे होते. कार्यालयात विचारतात, गर्दी किती होती. तेथून काय आणले, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. कोणी विचारणार नाही हे ठाऊक असल्याने जाणाराही त्याचे उत्तर तयार ठेवीत नाही.

याला काही अंशी नियमही कारणीभूत आहेत. साठीच्या आतील प्रॅक्टिस करणाऱ्या चार्टर्ड अकाउंटंटला तीन वर्षांच्या कालखंडात १२० तासांचे निरंतर व्यावसायिक शिक्षण पूर्ण करावे लागते आणि त्यांतील निम्मे तास संस्थेने मान्य केलेल्या कार्यक्रमांतून यावे लागतात. डॉक्टरांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडील नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करताना ३० क्रेडिट गुण दाखवावे लागतात. हे नियम चांगल्या हेतूने झाले, यात शंका नाही. पदवीच्या जोरावर चाळीस वर्षे काढण्याचे दिवस केव्हाच गेले. परंतु नियमाला मोजता येते ती उपस्थिती. माणूस सभागृहात चार तास बसला हे नोंदवहीतून कळते. त्या चार तासांत त्याच्या ज्ञानात काय भर पडली, हे कोणत्याही नोंदवहीत उमटत नाही. परिणामी डिसेंबर जवळ आला की तास भरून काढण्याची धावपळ सुरू होते, आणि मागच्या रांगेत बसून मोबाइलवर विवरणपत्रे तपासणाऱ्यांची संख्या वाढते.

पैशांचा हिशेब करून पाहावा. इचलकरंजीसारख्या गावात एकट्याने प्रॅक्टिस करणारा एखादा तरुण दोन दिवसांच्या परिषदेसाठी पुण्याला किंवा मुंबईला जातो, असे समजू. प्रतिनिधी शुल्क, प्रवास, दोन रात्रींची खोली, मुंबईतील टॅक्सी हे सारे धरून पंधरा-वीस हजार रुपये सहज खर्ची पडतात. त्यात कार्यालयाच्या बुडालेल्या दोन दिवसांची किंमत मिळवावी लागेल. मुदत तोंडावर असलेल्या महिन्यात ती प्रवासखर्चाहूनही जड असते. एवढ्याच रकमेच्या कर्जासाठी तो बँकेत गेला असता तर अर्जातील एक रकाना त्याला भरावाच लागला असता: कर्जाचा हेतू. तो कोरा राहिला तर अर्ज परत येतो. परिषदेच्या नोंदणीपत्रात नाव असते, सभासद क्रमांक असतो, जेवण कोणते हवे तेही असते. हेतूचा रकाना मात्र नसतो. तो ज्याचा त्याने भरायचा असतो. परिषदेचा लाभ किती होईल, हे बहुतांशी त्या न छापलेल्या रकान्यावर ठरते.

हेतू निश्चित करून परिषदेला जाणे म्हणजे काय, याचा एक मोठा दाखला बँकिंगच्या इतिहासात आहे. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातील ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांचे सातशेहून अधिक प्रतिनिधी तीन आठवडे एका हॉटेलात जमले होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा जन्म तेथे झाला. ती परिषद राष्ट्रांची होती, व्यावसायिकांची नव्हती, हे खरे. तथापि परिषदेला जाणाऱ्या कोणालाही तिच्यातून घेण्यासारखे आहे. भारत तेव्हा पारतंत्र्यात होता आणि शिष्टमंडळाचे नेतृत्व व्हाइसरॉयच्या मंडळातील अर्थसदस्य सर जेरेमी रेझमन यांच्याकडे होते. त्यांच्यासोबत रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, आर. के. षण्मुखम चेट्टी, ए. डी. श्रॉफ, थिओडोर ग्रेगरी अशी मंडळी होती. देशमुखांनी गव्हर्नरपदाची सूत्रे आदल्याच वर्षी घेतली होती.

विषय त्यांना नवा नव्हता. ब्रिटनचे केन्स आणि अमेरिकेचे व्हाइट यांच्या योजना १९४३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या होत्या. भारतीय शिष्टमंडळाचा भर प्रामुख्याने तीन गोष्टींवर होता. युद्धकाळात भारताने ब्रिटनला पुरविलेल्या मालापोटी आणि सेवांपोटी लंडनमध्ये पौंडांची प्रचंड रक्कम साठत चालली होती. युद्ध संपेपर्यंत ती शंभर कोटी पौंडांच्या पुढे गेली. ही स्टर्लिंग शिल्लक मोकळी करण्याची काही सोय नव्या व्यवस्थेत व्हावी, ही पहिली मागणी. नाणेनिधीतील भारताचा वाटा देशाच्या आकारमानाला शोभेसा असावा, ही दुसरी. आणि निधीच्या उद्दिष्टांत मागासलेल्या देशांच्या विकासाचा उल्लेख यावा, ही तिसरी.

पहिली मागणी फेटाळली गेली. तो प्रश्न ब्रिटन आणि भारत यांनी आपसात सोडवावा, या भूमिकेपुढे भारताचे काही चालले नाही. तिसरीचे अर्धे यश पदरी पडले; निधीच्या घटनेतील पहिल्या कलमात सर्व सभासद देशांच्या उत्पादक साधनसंपत्तीच्या विकासाचे शब्द आले. दुसऱ्या मागणीत भारताला ४० कोटी डॉलरचा वाटा मिळाला. क्रमाने तो सहावा होता. अमेरिका, ब्रिटन, सोव्हिएत रशिया, चीन आणि फ्रान्स हे भारताच्या पुढे होते. पुढे सोव्हिएत रशिया निधीत सामीलच झाला नाही. त्यामुळे भारत पहिल्या पाचांत आला आणि कार्यकारी मंडळावर त्याला स्वतःच्या हक्काची जागा मिळाली. वाट्याच्या आकड्यासाठी चिकाटी धरली नसती तर रशियाच्या गैरहजेरीचा फायदा दुसऱ्या कोणाला तरी झाला असता. देशमुखांपुरते सांगायचे, तर तेथून सुरू झालेला संबंध त्यांनी सुटू दिला नाही. पुढे अनेक वर्षे या दोन्ही संस्थांच्या नियामक मंडळांवर ते भारताचे प्रतिनिधी होते, आणि १९५० साली पॅरिस येथे भरलेल्या त्यांच्या संयुक्त वार्षिक सभेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

इचलकरंजीच्या तरुणापुढे स्टर्लिंग शिल्लक नसते, परंतु प्रश्न त्याच्याकडेही असतात. ते नीट मांडून लिहिलेले नसतात, एवढीच अडचण. एक उदाहरण घेऊ. २०२३ च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) आणले. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत दिले नाहीत, तर वर्षअखेरीस थकलेल्या त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळणार नाही, प्रत्यक्ष पैसे देण्याच्या वर्षी मिळेल, असा त्याचा आशय. कापडाच्या बाजारात तीन-तीन महिन्यांची उधारी रूढ असल्याने राज्यातील वस्त्रनगरींत त्या वर्षी मोठी खळबळ माजली. परिषदांतूनही हा विषय गाजला. आता सभागृहात उठून “४३बी(एच) बद्दल थोडे सांगा” असे म्हणणाऱ्यास वक्ता कलम पुन्हा वाचून दाखवितो आणि प्रश्नकर्ता खाली बसतो. याउलट एखादा विचारतो: “खरेदीदार व्यापारी आहे, पुरवठादारही व्यापारीच आहे, पण पुरवठादाराकडे उद्यम नोंदणी आहे. लेखी करार नाही. ३१ मार्चला बिल थकलेले आहे. ही रक्कम लेखापरीक्षण अहवालात दाखवायची की नाही?” येथे वक्त्याला टाळाटाळ करता येत नाही. व्यापाऱ्यांना जुलै २०२१ मध्ये उद्यम नोंदणीची मुभा मिळाली ती केवळ अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरती, त्यामुळे व्यापाऱ्याकडील खरेदीला हे कलम लागते काय, हा खरा पेच आहे. तो त्याला उलगडावा लागतो. निदान कोणती कागदपत्रे फाइलला लावून ठेवावीत, एवढे तरी सांगावे लागते. शेजारी बसलेल्या वीसजणांच्या लेखण्या त्याच वेळी हलू लागतात.

असा प्रश्न सभागृहात बसल्यावर सुचत नाही. तो आदल्या आठवड्यात, स्वतःच्या टेबलावरील अडलेल्या फाइलींतून काढावा लागतो. तीन फाइली पुरे. प्रत्येकीची अडचण चार ओळींत लिहून काढली, तर अनेकदा लिहितानाच एखादीचे उत्तर सापडते. तेवढाच प्रवासखर्च वसूल. उरलेल्या दोन प्रश्नांचा कागद खिशात घेऊन मग कार्यक्रमपत्रिका हाती घ्यावी आणि कोणते सत्र ऐकायचे, कोणते सोडायचे, हे ठरवावे. नामवंत वक्त्याच्या नावाने ओढले जाणे स्वाभाविक आहे. परंतु नामवंतांचे विचार छापून येतात आणि ध्वनिचित्रफितींतूनही मिळतात. ज्याने गेल्या वर्षभरात त्याच विषयाची पन्नास प्रकरणे अपिलात चालविली आहेत, असा एखादा अप्रसिद्ध वक्ता छोट्या सभागृहात बोलत असेल तर तिकडे वळणे अधिक शहाणपणाचे. उद्घाटनाच्या सत्राविषयी काय बोलावे! दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार आणि आभार यांतच सकाळ सरते. तेथे हजेरी लावावी, पण मनात आपले दोन प्रश्न घोळवीत बसावे.

टिपणे काढण्याविषयीही थोडे सांगायला हवे, कारण हल्ली पडद्यावरील प्रत्येक चित्राचे मोबाइलने छायाचित्र घेण्याची पद्धत पडली आहे. दोन दिवसांत दीडशे छायाचित्रे जमतात आणि ती नातवंडांच्या वाढदिवसाच्या छायाचित्रांत कायमची हरवून जातात. वक्त्याची सादरीकरणे आयोजक बहुधा नंतर पाठवितातच. हाताने लिहायचे ते पडद्यावर नसलेले: वक्त्याने ओघात सांगितलेला एखादा अनुभव, एखाद्या निवाड्याबद्दलची त्याची शंका, आणि त्याच्या बोलण्यावरून आपल्या कोणत्या अशिलाची आठवण झाली ते. अशिलाचे नाव समासात लिहून ठेवले, तर परतल्यावर काम कोठून सुरू करायचे हा प्रश्नच उरत नाही.

प्रश्नोत्तरांच्या वेळी ध्वनिक्षेपक हाती येताच स्वतःचे पाच मिनिटांचे भाषण करणारे प्रत्येक परिषदेत दोघे-तिघे असतातच. त्यांना आवरणे अध्यक्षांच्या हाती. आपला प्रश्न अर्ध्या मिनिटात संपावा एवढी काळजी आपण घ्यावी.

परंतु परिषदेत मिळणारे सर्वांत मोलाचे काही व्यासपीठावर मिळत नाही. १९२७ साली ब्रसेल्समध्ये भरलेल्या पाचव्या सॉल्वे परिषदेत जगातील श्रेष्ठ भौतिकशास्त्रज्ञ जमले होते. तेथे आइन्स्टाइन सकाळच्या न्याहारीला नव्या क्वांटम सिद्धान्तावर एखादी हरकत मांडीत, दिवसभर तिच्यावर खल होई आणि रात्रीच्या जेवणापर्यंत बोर त्या हरकतीचे उत्तर घेऊन येत, असे हायझेनबर्ग यांनी सांगून ठेवले आहे. न्याहारीच्या टेबलावर त्या शास्त्राचा पाया तपासला जात होता. आपल्याकडील परिषदांत चहाच्या वेळी काय दिसते? एका गावची माणसे एकाच घोळक्यात उभी राहतात आणि गावचेच विषय बोलतात. दोनशे किलोमीटर प्रवास करून रोज भेटणाऱ्यांशीच बोलायचे, तर मग प्रवास कशासाठी?

एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्याचे खरे दुखणे एकटेपणाचे असते. मोठ्या फर्ममध्ये अडले तर पलीकडच्या खोलीत कोणीतरी ज्येष्ठ बसलेला असतो. तालुक्याच्या गावी पलीकडच्या खोलीत टॅलीवर नोंदी करणारा मुलगा असतो. गावातील दुसऱ्या चार्टर्ड अकाउंटंटला विचारावे, तर तोच स्पर्धक. अशा माणसाला सोलापूरचा, नाशिकचा, हुबळीचा एकेक समव्यावसायिक फोनवर विचारण्याइतका जवळचा झाला, तर त्याच्या प्रॅक्टिसचे स्वरूप पालटते. ही ओळख परिषदेतच होऊ शकते. येथे कायद्यातील एक तरतूद ध्यानात घेण्यासारखी आहे. चार्टर्ड अकाउंटंट्स अ‍ॅक्ट, १९४९ च्या पहिल्या परिशिष्टानुसार जाहिरातीने, पत्राने किंवा प्रत्यक्ष भेटीने अशील मिळविणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते. मात्र प्रॅक्टिस करणाऱ्या दुसऱ्या चार्टर्ड अकाउंटंटकडे काम मागण्यास तोच कायदा मोकळीक देतो. “कोल्हापूर भागात तुमच्या अशिलाच्या गोदामाची साठा-तपासणी असेल तर अवश्य कळवा” असे एका सीएने दुसऱ्या सीएला म्हणण्यात कमीपणा तर नाहीच, नियमभंगही नाही. नवखे मात्र संकोचतात. विशेषतः घरसंसार सांभाळून चार-पाच वर्षांच्या खंडानंतर पुन्हा व्यवसायाकडे वळलेल्या भगिनी चहाचा पेला घेऊन कोपऱ्यात उभ्या राहतात. त्यांच्यापाशी आपण होऊन जाणे हे ज्येष्ठांचे काम आहे. आपल्या पहिल्या परिषदेत आपल्याशी कोण बोलले होते, हे बहुतेक ज्येष्ठांना चांगले आठवत असते.

या गप्पांना एक मर्यादा मात्र कसोशीने पाळावी लागते. अशिलाची माहिती त्याच्या संमतीवाचून उघड करणे हे त्याच कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टानुसार गैरवर्तन आहे. अडचण सांगावी, आकडे बदलून सांगावेत, नाव-गाव सांगू नये. लहान गावात “एक सूतगिरणी आहे” एवढे म्हटले तरी ऐकणाऱ्यास कोणती ते कळते, हे विसरू नये.

रात्रीच्या भोजनाविषयी आपल्या वाचकांपैकी अनेकांची एक व्यावहारिक अडचण असते. मोकळ्या गप्पा रंगतात त्या रात्री नऊनंतरच्या जेवणावर, आणि सूर्यास्तापूर्वी जेवून घेणारे खोलीवर निघून जातात. जेवण झालेले असले तरी तास-दीड तास तेथे बसायला कोणाची आडकाठी नसते. ताट हाती नसलेला माणूस उलट अधिक शांतपणे बोलू शकतो.

परिषद जेवढी मोठी तेवढा लाभ अधिक, असाही एक समज आहे. लेखापालांची जागतिक परिषद १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे प्रथम भरली आणि ११८ वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, ती पहिल्यांदा भारतात, मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात भरली. देशोदेशींचे हजारो प्रतिनिधी आले होते. आपला व्यवसाय जगात कोणत्या दिशेने चालला आहे, हे अशा ठिकाणी एकदा तरी पाहून यावे, विशेषतः तरुणांनी. पण कलमातील पेच सोडविण्याची ती जागा नसते. त्यासाठी जिल्ह्याच्या शाखेतील तीस माणसांचे अभ्यासमंडळ, बिनशिफारशीचे आणि बिनपिशवीचे, पुष्कळदा अधिक कामाला येते. वर्षाच्या अंदाजपत्रकात एक मोठी परिषद आणि सहा अभ्यासमंडळे असे प्रमाण ठेवणाऱ्याचे पैसे वाया जाण्याचा संभव कमी. सहलीसाठी कुटुंबासह गोव्याच्या निवासी परिषदेला जाण्यात काही गैर नाही. तो खर्च मनात सहलीच्या खात्यात नोंदवावा, एवढेच. शिक्षणाच्या खात्यात नोंदवून स्वतःचीच फसगत करून घेऊ नये.

सध्याचा काळ तर या दृष्टीने विशेष कसोटीचा आहे. १९६१ च्या आयकर कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली असून तो १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आहे. त्यात ५३६ कलमे आहेत. ज्यांच्या जिभेवर ८०सी, १९४सी, ४४एबी ही नावे वर्षानुवर्षे मंत्रासारखी बसली, त्यांना ती सारी नव्याने पाठ करावयाची आहेत. जुन्या वर्षांची प्रकरणे मात्र जुन्याच कायद्याने चालणार असल्याने काही वर्षे दोन्ही भाषा बोलाव्या लागतील. वयाने साठीकडे झुकलेल्या काही व्यावसायिकांच्या मनात आता थांबावे असा विचार डोकावतो, तो यामुळेच. त्यांच्यासाठी परिषदेतील दोन दिवस म्हणजे आणखी दहा वर्षे काम करता येईल की नाही, याचा निर्णय ठरू शकतात. आपल्याच वयाचे शंभरजण तीच नवी क्रमांकावली घोकत आहेत, हे पाहूनच निम्मी भीती ओसरते.

परतल्यानंतरचे पहिले तीन दिवस मात्र वैरी असतात. कार्यालयात साठलेली पत्रे, अशिलांचे फोन, मुदतीची विवरणपत्रे यांत वही पिशवीतच राहते आणि पिशवी खुंटीवर जाते. हे टाळण्याचा एक साधा उपाय काही फर्मांत पाळला जातो. परिषदेला जाणाऱ्याने परतल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी आर्टिकलशिप करणाऱ्या मुलांना आणि कर्मचाऱ्यांना अर्धा तास बसवून जे ऐकले ते सांगायचे, असा तो नेम. हे आधीच ठरलेले असल्याने सभागृहातही तो सावध बसतो, कारण शनिवारी एकोणीस वर्षांचा मुलगा उलट प्रश्न विचारणार आहे. समासातील अशिलांच्या नावांपुढे त्याच दिवशी खुणा होतात: कोणाला पत्र पाठवायचे, कोणाचा करार लेखी करून घ्यायचा, कोणाची फाइल पुन्हा उघडायची. ज्यांच्याशी नवी ओळख झाली त्यांना दोन ओळींचा निरोपही त्याच आठवड्यात जावा, महिनाभराने पाठविलेल्या निरोपावर “आपण कोण?” असे उत्तर येते. निरोपात नुसते “भेटून आनंद झाला” लिहिण्याऐवजी बोलण्यात निघालेला एखादा निवाडा किंवा परिपत्रक सोबत जोडावे. सोलापूरच्या माणसाला ते उपयोगी पडले, तर पुढच्या मार्चअखेर इचलकरंजीहून गेलेला फोन तो पहिल्या घंटीला उचलेल.